नत्रूनच्या तळ्याकाठी सापडलेला नियम

सोडिअम कार्बोनेटच्या द्रावणात कॅल्शिअम क्लोराइडचे द्रावण ओतले की पांढरा साका बसतो. दोन्ही क्षार जोडीदार बदलतात. कॅल्शिअम कार्बोनेट तळाशी जाते, मीठ विरघळलेले राहते. ही दुहेरी विस्थापन अभिक्रिया. तिची उत्पादिते आधीच कशी ओळखायची, या प्रश्नाला नवी दिशा दिली क्लोद लुई बर्तोले यांनी.

त्यांचा जन्म ९ डिसेंबर १७४८ रोजी सॅव्हॉय प्रांतातील (हल्ली फ्रान्स) तालुआर येथे झाला. ट्यूरिनला वैद्यकाची पदवी घेऊन ते पॅरिसला गेले आणि रसायनशास्त्रात रमले. क्लोरीनने कापड शुभ्र करण्याची रीत त्यांचीच. त्या काळी कोणत्या द्रव्याची कोणाकडे अधिक ओढ आहे, याचे तक्ते असत. स्वीडनच्या बर्गमन यांचा तक्ता पाहायचा आणि उत्तर सांगायचे, अशी पद्धत होती.

१७९८ साली बर्तोले नेपोलियनच्या मोहिमेबरोबर इजिप्तला गेले. तेथे नत्रूनच्या खाऱ्या तळ्यांच्या काठी त्यांना सोड्याचे थर दिसले. पाण्यात मीठ, भोवती चुनखडी. म्हणजे आपली अभिक्रिया येथे उलटी घडत होती! मीठ व चुनखडी अमाप आहेत आणि तयार झालेला सोडा काठावर साचून बाजूला पडतो, म्हणून असे होते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. अभिक्रियेची दिशा ओढीइतकीच पदार्थांच्या प्रमाणावर आणि द्रावणातून काय बाहेर पडते यावर ठरते, हे त्यांनी १८०३ च्या ग्रंथात सविस्तर मांडले.

याच भरात संयुगातील घटकांचे प्रमाणही बदलते असते, असे ते मानू लागले. प्रूस्त यांनी ते खोडून काढले. वाद कित्येक वर्षे, पण सभ्यपणे चालला आणि प्रूस्त बरोबर ठरले. त्या पराभवात बर्तोले यांचा मूळ विचारही झाकोळला. ६ नोव्हेंबर १८२२ रोजी आर्केय येथे त्यांचे निधन झाले. पुढे १८६४ मध्ये नॉर्वेच्या गुल्डबर्ग व वॉगे यांनी त्या विचाराला गणिती रूप दिले.

तेव्हा समीकरण लिहिताना नुसती जोडीदारांची अदलाबदल करून थांबू नका. साका बसतो का, वायू निघतो का, पाणी तयार होते का, हे पाहा. मीठ आणि पोटॅशिअम नायट्रेट यांची विरल द्रावणे मिसळली तर यातले काहीच होत नाही. चारही आयन पाण्यातच राहतात. तेथे 'अभिक्रिया होत नाही' हेच बरोबर उत्तर.