धाकटा राजपुत्र आणि शेतकऱ्याचे गाऱ्हाणे

कोणी बडा पाहुणा गावी यावयाचा झाला म्हणजे कमानी उभाराव्या, हारतुरे आणावे आणि समारंभाच्या शेवटी त्याच्या हाती एक अर्ज द्यावा, ही चाल आमच्या वऱ्हाडात फार दिवसांची आहे. बार्शीटाकळी तालुकाही तीस अपवाद नाही. शाळेस मास्तर हवा, रस्त्यास खडी हवी, विहिरीस पाणी हवे, असे ते अर्ज असतात; आणि त्यांत मागितलेले बहुधा सर्व रास्तच असते. प्रश्न एवढाच की, ज्याच्या हाती तो कागद आपण देतो त्याच्या हाती दुसरे काय असते? या प्रश्नाचे उत्तर शोधणारांनी एका मोठ्या घराण्यातील धाकट्या मुलाचे चरित्र पाहावे, अशी आमची सूचना आहे. तो मुलगा म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा तिसरा पुत्र आर्थर, पुढे ड्यूक ऑफ कॅनॉट म्हणून प्रसिद्धीस आलेला.

त्याचा जन्म लंडन येथे 1 मे 1850 रोजी झाला. तोच दिवस वृद्ध सेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांच्या वाढदिवसाचा असल्याने मुलास त्यांचे नाव ठेवण्यात आले. हे वेलिंग्टन आम्हां वऱ्हाडकरांस परके नाहीत. नेपोलियनशी गाठ पडण्यापूर्वी, साधे आर्थर वेलस्ली असताना, त्यांनी 29 नोव्हेंबर 1803 रोजी आमच्या अकोला जिल्ह्यातील अडगावच्या रानात मराठी फौजेचा पराभव केला आणि 15 डिसेंबरास गाविलगड घेतला. त्यानंतरच्या तहाने नागपूरकर भोसल्यांचा वऱ्हाडावरील हक्क बुडाला. ज्या पुरुषाने आमच्या मुलखाचे दैव फिरविले, त्याचे नाव घेऊन हा राजपुत्र वाढला.

इंग्लंडच्या रिवाजाप्रमाणे राज्य थोरल्याचे. आर्थरच्या वर दोन भाऊ होते. आमच्याकडे पाटीलकी वडील पातीकडे गेली तरी धाकट्या पातीस वाटणीचे शेत मिळते. राज्याची मात्र वाटणी होत नाही. अशा धाकट्या राजपुत्रांनी करावे काय? पुष्कळांनी शिकार, जुगार आणि पाहुणचार यांत जन्म घालविला. आर्थरने तसे केले नाही. सोळाव्या वर्षी तो वुलिच येथील लष्करी विद्यालयात गेला व 1868 मध्ये अधिकारी झाला. 1882 साली ईजिप्तमध्ये तेल-अल-कबीरच्या लढाईत जनरल वुल्सली यांच्या हुकमतीखाली त्याने एका ब्रिगेडचे नेतृत्व केले. जन्माने मिळालेल्या मानावर न विसंबता मनुष्याने धंदा शिकावा, हा त्याच्या चरित्रातील पहिला धडा होय, आणि तो आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो.

पुढे 1886 च्या अखेरीस तो मुंबई फौजेचा सरसेनापती होऊन आला व पुण्याच्या समाजात वावरू लागला. याच मुक्कामात ती घटना घडली, जिच्यामुळे मराठी वाचकांस त्याचे नाव ठाऊक आहे. 2 मार्च 1888 रोजी हरि रावजी चिपळूणकर यांनी ड्यूक व त्यांची पत्नी यांच्या सन्मानार्थ पुण्यात मेजवानी दिली. शहरातील धनिक मंडळी उंची पोशाख व जडजवाहीर लेवून आली होती. त्यांच्यात जोतीराव फुले आले ते शेतकऱ्याच्या साध्या वेषात. भाषणास उभे राहून त्यांनी राजपुत्रास सांगितले की, या दिवाणखान्यातील दागिन्यांवरून हिंदुस्थानची परीक्षा करू नये. खरी प्रजा खेड्यांत आहे, ती उपाशी व उघडी आहे. तिची हकीकत आपण आपल्या मातोश्रींस कळवावी, आणि रयतेच्या मुलांस शिक्षण मिळेल अशी तजवीज व्हावी.

या धैर्याची थोरवी आम्ही निराळी काय वर्णावी? परंतु तो कागद, म्हणजे ते गाऱ्हाणे, ज्याच्या हाती पडले त्याचा अधिकार किती होता, हेही पाहिले पाहिजे. राणीचा पुत्र खरा. पण शाळांवर पैसा खर्च करणे त्याच्या हाती नव्हते, शेतसारा कमी करणे त्याच्या हाती नव्हते. स्वतः राणीलाही ते मंत्र्यांवाचून करता येत नव्हते. आधुनिक युरोपातील राजघराण्यांची स्थिती अशीच आहे: मान सर्व राजाकडे, अधिकार सर्व मंत्र्यांकडे.

हा अनुभव पुढे त्या राजपुत्रास स्वतःच्या बाबतीतही आला. 1895 मध्ये इंग्लंडच्या सैन्याचे मुख्य पद रिकामे झाले तेव्हा ते आपणास मिळावे अशी त्याची उमेद होती. पण ते वुल्सली यांस मिळाले. 1899 मध्ये जर्मनीतील कोबर्गच्या गादीचा वारसा त्याजकडे आला असता त्याने तो सोडून दिला. 1911 ते 1916 पर्यंत तो कॅनडाचा गव्हर्नर-जनरल होता. कायद्याच्या भाषेत तेथील सेनाधिपत्य त्याजकडे होते. ते खरेच समजून महायुद्धात तो लष्करी कारभारात लक्ष घालू लागला, तेव्हा ते पद नावापुरतेच आहे हे त्यास समजून घ्यावे लागले. चाळीस वर्षे शिपाईगिरी केलेल्या वृद्धास हे किती लागले असेल! तथापि कॅनडातील मंत्र्यांचा पक्षच खरा होता, कारण ते लोकांस जबाबदार होते.

1921 साली तो पुन्हा हिंदुस्थानात आला, तो नव्या कायदेमंडळांचे उद्घाटन करण्यास. देशात असहकाराची चळवळ जोरात होती आणि पुष्कळांनी या स्वागतावर बहिष्कार टाकला. अमृतसरच्या कत्तलीची छाया देशावर पसरली आहे, हे त्याने उद्घाटनाच्या भाषणात कबूल केले; हे त्याच्या सौजन्यास शोभले. पण त्याने उघडलेल्या कायदेमंडळाचे मत डावलण्याचा अधिकार व्हाइसरॉयकडेच राहिला होता. 12 फेब्रुवारी 1921 रोजी त्याने दिल्लीच्या संसदभवनाची कोनशिला बसविली. त्या इमारतीत पुढे स्वतंत्र भारताची घटना तयार होईल, हे त्या दिवशी कोणाच्या स्वप्नातही नसेल. 16 जानेवारी 1942 रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, तो वारला. दिल्लीतील कॅनॉट प्लेस ही त्याच्या नावाची खूण आहे.

आता फुल्यांनी मागितलेल्या शिक्षणाचे काय झाले ते पाहू. मेजवानीतील विनंतीने खेड्यांत शाळा उभ्या राहिल्या नाहीत. गोपाळ कृष्ण गोखले यांचे सक्तीच्या शिक्षणाचे बिल 1912 मध्ये सरकारी मतांनी पडले. कोल्हापुरास शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, कारण तेथे अधिकार त्यांचा होता व इच्छाही त्यांची होती. साऱ्या देशास तो हक्क 2009 च्या कायद्याने मिळाला, व 1 एप्रिल 2010 पासून तो अमलात आला. म्हणजे जे राजपुत्राच्या कृपेने साधले नाही, ते लोकांनी निवडलेल्या सभेने साधले. उशिरा साधले, पण हक्क म्हणून साधले.

त्याच कायद्याने गावोगावच्या शाळेस व्यवस्थापन समिती दिली आहे. तीत तीन चतुर्थांश सभासद आईबाप असावे लागतात व निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेच्या कामावर देखरेख, अनुदानाचा खर्च, सुधारणेची योजना, हे सर्व त्या समितीपुढे यावयाचे आहे. त्याचप्रमाणे 1993 मध्ये अमलात आलेल्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेस घटनेत स्थान मिळाले आहे. ज्या अधिकारासाठी फुल्यांस शेतकऱ्याचा वेष करून परक्या राजपुत्रापुढे उभे राहावे लागले, त्याचा काही अंश आज आमच्या कास्तकाराच्या दारात येऊन बसला आहे.

आणि आम्ही काय करतो? पाहुण्याच्या मंडपात दाटी करतो आणि ग्रामसभेच्या सतरंजीवर पाच माणसेही मिळत नाहीत! समितीच्या कागदावर बाईची सही घरी नेऊन घेतली जाते, आणि शाळेत काय ठरले हे तिला विचारणाऱ्यालाच लोक हसतात. मग मास्तर नाही म्हणून अर्ज लिहावयाचा, तो पुन्हा हार घातलेल्या पाहुण्याच्या हाती द्यावयाचा, आणि पुढल्या पाहुण्याची वाट पाहावयाची. पाहुणा मनाने भला असेल. ड्यूक ऑफ कॅनॉटही भला होता. पण भलेपणा हा अधिकार नव्हे.

सबब बार्शीटाकळी तालुक्यातील आईबापांस आमचे आग्रहाचे सांगणे आहे की, समितीच्या पुढील सभेस त्यांनी स्वतः जावे, बायांनी तर अवश्य जावे, अनुदानाचा हिशेब मागावा, आणि ठराव वाचून मगच सही करावी. जोतीरावांनी आपले बोलणे राणीस कळविण्याची विनंती केली, कारण त्या काळी ऐकणारा दुसरा कोणी नव्हता. आज तुमचे म्हणणे कोणी कोठे कळवावयाचे राहिलेले नाही; ते तुम्हीच ठरवावयाचे आहे.