बगदादहून आलेला मुंबईकर

पुण्यातील ससून रुग्णालय आणि मुंबईतील ससून गोदी ही नावे महाराष्ट्राच्या इतकी अंगवळणी पडली आहेत की, त्यांमागचे घराणे निर्वासित म्हणून येथे आले होते याचे स्मरण सहसा कोणाला होत नाही.

डेव्हिड ससून यांचा जन्म १७९२ साली बगदादमधील एका सधन ज्यू कुटुंबात झाला. वडील तेथील पाशांचे खजिनदार आणि आपल्या समाजाचे प्रमुख होते. पुढे दाऊद पाशाच्या अमदानीत छळ सुरू झाला आणि डेव्हिड यांना जन्मभूमी सोडावी लागली. इराणी आखातातील बुशहर बंदरात काही काळ काढून १८३२ च्या सुमारास ते मुंबईस आले.

ती वेळ मोक्याची होती. १८३३ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीची चीनच्या व्यापारातील मक्तेदारी संपुष्टात आणली. मुंबईत पारशी, भाटिये, बोहरे यांनी आधीच जम बसविला होता. त्यांच्या पंक्तीत नवागताला स्थान मिळाले ते आखाती बंदरांतील ओळखी आणि पत यांच्या बळावर. दूरदेशीच्या व्यापारात विश्वासू माणूस हेच खरे भांडवल असते. म्हणून ससून यांनी स्वतःचे पुत्र चीनमध्ये व पुढे लंडनला धाडले आणि बगदादहून येणाऱ्या स्वधर्मीयांना पेढीवर काम दिले. १८५३ साली ब्रिटिश नागरिकत्व स्वीकारताना त्यांनी सही केली ती हिब्रू लिपीत. अरबी पेहरावही त्यांनी सोडला नाही. मुंबईने व्यवहारातील सचोटी मागितली; वेष वा धर्म बदलण्याची अट घातली नाही.

परंतु या वैभवाला दुसरी बाजू आहे. कापूस आणि कापडाबरोबरच माळव्याची अफू या बंदरातून चीनला जात असे आणि ससून पेढीचा तीत मोठा वाटा होता. तेथे जी घरे व्यसनापायी बुडाली, त्यांची नोंद मुंबईच्या कोणत्याही खतावणीत झाली नाही. त्याच नफ्यातून येथे दानधर्म झाला, हे मान्य केल्याखेरीज या चरित्राचा ताळेबंद जुळत नाही.

१८६४ साली ससून पुण्यात निवर्तले. त्यांच्या देणगीतून उभारलेले रुग्णालय १८६७ साली पूर्ण झाले. पुत्र अल्बर्ट यांनी कुलाब्यास बांधलेली गोदी १८७५ साली खुली झाली. घराण्याने पुढे कापडगिरण्याही काढल्या. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार राबला. भांडवल बगदादचे, श्रम रत्नागिरीचे. दोघेही या बेटांवर पाहुणेच.

कालांतराने ससून घराणे इंग्लंडमध्ये स्थायिक झाले आणि व्यापारही आटला. गोदी मात्र येथेच राहिली. तिच्यावर आज मासळीचा बाजार भरतो. या शहरात उपरा कोण, असा प्रश्न वेळोवेळी विचारला जातो. तो विचारणाऱ्याने आपले आजोबा मुंबईस कोठून आणि कशासाठी आले, हेही एकदा आठवून पाहावे.