चिखल आणि हिमाला वाट पुसणारा यंत्रज्ञ : अडॉल्फ केग्रेस

जुलैच्या झडीत ऊर्जानगरच्या परिसरात फिरणाऱ्याला एक दृश्य हमखास दिसते. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची धुरांडी पावसात अंधुक झालेली असतात आणि दुर्गापूर-पद्मापूरच्या कोळसा खाणींकडील एखाद्या कच्च्या वाटेवर ट्रक फसलेला असतो. इंजिन गुरगुरते, मागचे एक चाक गरगर फिरून काळा चिखल उडवीत राहते, दुसरे मात्र जागचे हलत नाही. क्लीनर चाकाखाली गिट्टी, फांद्या, रिकामी पोती सारतो. पूर्वेला गडचिरोलीच्या जंगलात, आलापल्लीच्या सागाची वाहतूक करणाऱ्यांनाही ही कसरत नवी नाही.

यामागचे कारण साधे आहे. ज्या ट्रकची केवळ मागची चाके इंजिनाच्या जोरावर फिरतात, त्याच्या दोन्ही चाकांमध्ये डिफरन्शियल नावाची दातेरी चाकांची जुळणी असते. वळणावर बाहेरचे चाक जास्त अंतर कापते म्हणून ती आवश्यक ठरते. परंतु एक चाक निसरड्यावर गेले की सारी गती तिकडेच धावते आणि घट्ट जमिनीवरचे चाक हातावर हात ठेवून बसते. टणक पण निसरड्या रस्त्यावर मागे वजन टाकले तर चाकाची पकड वाढते. खोल गाळात मात्र तेच वजन चाकाला आणखी खाली दाबते. पकडीसाठी वजन हवे आणि तरंगण्यासाठी ते नको, असा हा पेच आहे. मोटारगाडीच्या बाल्यावस्थेत तो पेच सोडवण्यासाठी ज्याने आयुष्य वेचले, तो फ्रेंच यंत्रज्ञ म्हणजे अडॉल्फ केग्रेस. त्याच्या देशात आणि मोटारींच्या इतिहासात त्याचे नाव मोठे असले, तरी आपल्याकडे ते फारसे कुणाच्या कानावर गेलेले नाही.

केग्रेसचा जन्म २० जून १८७९ रोजी पूर्व फ्रान्समधील एरिकूर या गावी झाला. १९०५ च्या सुमारास नशीब काढायला तो रशियात सेंट पीटर्सबर्गला गेला. त्या काळी रशियाच्या सम्राटाला मोटारींचे वेड लागले होते आणि फ्रेंच कारागिरांना तिथे मान होता. प्रिन्स व्लादिमीर ओर्लोव्ह यांच्या देखरेखीखालील शाही मोटारखान्यात केग्रेसला काम मिळाले आणि पुढे तिथल्या तांत्रिक विभागाची सूत्रे त्याच्या हाती आली. झार दुसरा निकोलस यांच्या गाड्या तो सांभाळी आणि प्रसंगी स्वतः चालवीही.

बादशाही गाडी म्हटली तरी बर्फ तिला ओळखत नाही. रशियाच्या हिवाळ्यात त्सारस्कोये सेलोच्या रस्त्यांवर किमती मोटारी जागच्या जागी चाके फिरवीत उभ्या राहत आणि घोड्यांची घसरगाडी त्यांच्या शेजारून डौलाने निघून जाई. हा अपमान केग्रेसला बोचला असल्यास नवल नाही. निदान नोकरी टिकवण्यासाठी तरी त्याला उत्तर शोधणे भाग होते.

वाटा शोधणारा तो पहिला नव्हता. अमेरिकेतील मेन राज्याच्या बर्फाळ जंगलात लाकडाचे ओंडके ओढण्यासाठी अल्व्हिन लोम्बार्डने १९०१ मध्ये वाफेवर चालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले होते. त्याला मागे लोखंडी पट्टे आणि पुढे घसरपट्ट्या होत्या. कॅलिफोर्नियात बेंजामिन होल्टने १९०४ मध्ये, ट्रॅक्टर दलदलीत रुतू नये म्हणून त्याला चाकांऐवजी पट्टे बसवून पाहिले. परंतु ही यंत्रे जड, संथ आणि खडखडाटी होती. धातूच्या कड्यांचा पट्टा मोटारीच्या वेगाने पळवणे शक्य नव्हते.

केग्रेसने धातूच्या कड्या बाजूला ठेवून लवचिक पट्टा निवडला. तो पुढे रबराचा झाला. मोटारीचे इंजिन, सांगाडा, सुकाणू यांना त्याने हात लावला नाही. मागची दोन चाके मात्र काढली आणि त्या जागी डोलणाऱ्या दांड्यावर छोट्या चाकांची रांग बसवून तिच्याभोवती पट्टा गुंडाळला. पुढची चाके दिशा देण्यासाठी तशीच राहिली. बर्फात त्यांना घसरपट्ट्या जोडता येत. गाडीचे वजन चाकाच्या हातभर टेकणीऐवजी पट्ट्याच्या लांबरुंद तळव्यावर पसरले. वजन कमी न करता दाब कमी झाला. आधी सांगितलेल्या पेचाचे हे खरे उत्तर होते, आणि शाही गाड्यांना ते पहिल्या महायुद्धापूर्वीच मिळाले. दोषही होतेच. रबर लवकर झिजे, वेग घटे, देखभाल वाढे.

युद्धात रशियन सैन्याचे लक्ष या रचनेकडे गेले आणि पेत्रोग्राडच्या पुतिलोव्ह कारखान्यात ऑस्टिन चिलखती गाड्यांना केग्रेसचे पट्टे बसवण्याची योजना आखली गेली. मात्र १९१७ मध्ये झारशाही कोसळली. बादशहाचा माणूस म्हणून ओळखल्या जाणाऱ्याला तिथे थांबणे धोक्याचे होते. बारा वर्षांचा संसार आणि कमाई मागे टाकून केग्रेस मायदेशी परतला. त्याची विद्या मात्र रशियात उरली. ज्या क्रांतीने त्याला पिटाळले, तिच्याच नेत्याला, लेनिनला, हिवाळ्यात फिरण्यासाठी केग्रेसचे पट्टे लावलेली रोल्स रॉइस मिळाली. मॉस्कोजवळ गोर्की येथील संग्रहालयात ती जपून ठेवलेली आहे. शोध कुणाच्या सेवेला लागावा हे शोधकाच्या हाती नसते, याचा असा रोकडा पुरावा क्वचितच सापडतो.

फ्रान्समध्ये जॅक अँस्तँ या उद्योजकामार्फत केग्रेसची गाठ आंद्रे सिट्रोएन यांच्याशी पडली. सिट्रोएन यांना यंत्राइतकीच त्याच्या जाहिरातीची जाण होती. आल्प्सच्या बर्फातील चाचण्या पाहून त्यांनी केग्रेसला कंपनीत घेतले आणि आता हिमाऐवजी वाळू गाठायचे ठरवले. १७ डिसेंबर १९२२ रोजी अल्जीरियातील तूगुर्त येथून पाच पट्ट्यांच्या गाड्या निघाल्या आणि ७ जानेवारी १९२३ रोजी सहारा ओलांडून तिंबक्तूला पोहोचल्या. मोटारींनी सहारा पार करण्याची ही पहिलीच वेळ. पथकाचे नेते होते जॉर्ज-मारी हार्ट आणि लुई ओदुआँ-दुब्रई. गाड्या साध्या, लहान इंजिनाच्या होत्या. करामत मागच्या पट्ट्यांची होती. पुढे १९२४-२५ मध्ये आठ गाड्यांनी आफ्रिका खंड उभे कापले.

तिसऱ्या मोहिमेचा संबंध थेट आपल्या उपखंडाशी आला. एप्रिल १९३१ मध्ये बैरुतहून निघालेले पथक इराण, अफगाणिस्तान, पेशावर असे करीत श्रीनगरला पोहोचले. तिथून गिलगिटची खेचरांची वाट धरायची होती. सगळा ताफा नेणे अशक्य असल्याने दोनच गाड्या पुढे काढल्या. कड्याकपारींत पावसाने वाट वाहून गेली की गाड्यांचे सुटे भाग करून माणसांच्या पाठीवर लादायचे आणि पलीकडे पुन्हा जोडायचे, असे करीत त्या गिलगिटला पोहोचल्या. त्यापुढे मात्र त्या नेता आल्या नाहीत; पथक घोड्यांवरून चीनकडे गेले आणि तिकडून आलेल्या दुसऱ्या तुकडीच्या गाड्यांतून फेब्रुवारी १९३२ मध्ये पेकिंगला पोहोचले. पुढच्याच महिन्यात हार्ट हाँगकाँगमध्ये न्यूमोनियाने वारले. वृत्तपत्रांनी मोहिमेच्या विजयाचे ढोल वाजवले खरे. परंतु जिथे वाटच नाही तिथे पट्टाही चालत नाही, ही मर्यादा हिमालयाने दाखवून दिली होती.

सिट्रोएन यांचा खर्चिक हात अखेर त्यांना भोवला. १९३४ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, मिशेलिनने ती ताब्यात घेतली आणि १९३५ मध्ये सिट्रोएन निवर्तले. केग्रेसचा दुसरा आश्रयदाताही असा गेला. सैन्यांना मात्र त्याच्या पट्ट्याची गोडी लागली होती. अमेरिकी लष्कराने १९३१ मध्ये सिट्रोएन-केग्रेस गाडी विकत घेऊन तिचा अभ्यास केला. त्यातून विकसित झालेल्या अर्ध्या पट्ट्याच्या गाड्या दुसऱ्या महायुद्धात चाळीस हजारांहून अधिक संख्येने बनल्या. तिकडे फ्रान्स पडल्यावर जर्मनांच्या हाती लागलेल्या केग्रेस पद्धतीच्या फ्रेंच गाड्या जर्मन सैन्य वापरू लागले. एकाच माणसाची कल्पना दोन्ही शत्रुपक्षांचे ओझे वाहत होती.

अमेरिकी गाड्यांत एक बदल होता आणि तो केग्रेसच्या कल्पनेच्या मुळावर येणारा होता. त्यांची पुढची चाकेही इंजिनाच्या जोरावर फिरत. चारही चाकांना जोर देणाऱ्या, रुंद आणि खोल नक्षीच्या टायरांच्या गाड्या स्वस्तात बनू लागल्या, तेव्हा झिजणाऱ्या रबरी पट्ट्याचे दिवस भरले. युद्धानंतर अर्धपट्ट्याची गाडी हळूहळू नामशेष झाली. दोनच चाकांना जोर असलेला ट्रक मात्र स्वस्ताईमुळे टिकला. त्याच्या वाट्याला चाकांवरच्या साखळ्या, डिफरन्शियल कुलूपबंद करण्याची सोय आणि गाळात टायरची हवा थोडी कमी करण्याची युक्ती आली. हवा कमी केली की टायर चपटा होऊन जमिनीला अधिक टेकतो. केग्रेसच्या पट्ट्याचे तत्त्वच तिथे लहान प्रमाणात काम करते.

सिट्रोएनची कंपनी बुडाल्यावरही केग्रेस रिकामा बसला नव्हता. गिअर बदलताना इंजिनाचा जोर क्षणभर तुटतो, ही अडचण त्याने हाती घेतली. सम गिअरांसाठी एक आणि विषम गिअरांसाठी दुसरा असे दोन क्लच वापरण्याची रचना त्याने १९३९ मध्ये तयार केली. युद्ध पेटले आणि ती बाजारात आली नाही. जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये, पॅरिसजवळील क्रोआसी-सुर-सेन येथे फेब्रुवारी १९४३ मध्ये त्याचे निधन झाले. १९८० च्या दशकात पोर्शने शर्यतीच्या गाड्यांत आणि २००३ मध्ये फोक्सवॅगनने रस्त्यावरच्या गाडीत दोन क्लचांचा गिअरबॉक्स आणला. पुण्या-मुंबईच्या कोंडीत क्लच न दाबता पुढे सरकणाऱ्या अनेक मोटारींमध्ये आज तोच असतो.