दहावा हिस्सा

आमच्या गल्लीत एक निवृत्त नर्स राहतात. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणते, मी मावशी म्हणते. पेन्शन काढून घरी आल्या की चहाचं आधणसुद्धा न ठेवता त्या आधी फडताळातला बोर्नव्हिटाचा जुना डबा काढतात आणि पेन्शनचा दहावा हिस्सा मोजून त्यात ठेवतात. मग दूधवाला, किराणा, वीजबिल. ख्रिस्ती मंडळी याला दशमांश म्हणतात. शेतात पिकलं, कळपात वाढलं, त्याचा दहावा भाग देवाचा, ही बायबलच्या जुन्या करारातली रीत. महिन्याच्या शेवटी मावशी नुसत्या वरण-भातावर भागवतात, पण डब्याला हात लावत नाहीत. एकदा मी न राहवून त्यांना विचारलं, की देवाला तुमच्या भाजीपाल्याची काळजी नसेल का हो? त्या हसल्या आणि जॉर्ज म्युलर यांच्या चरित्राचं एक जुनं पुस्तक त्यांनी माझ्या हातात ठेवलं.

पुस्तक हातात आलं तेव्हा माझ्या मनात एक गोष्ट सलत होती. आमचं महिला मंडळ दर जूनमध्ये गरजू मुलींच्या वह्या-पुस्तकांसाठी पैसे गोळा करतं. गेल्या वर्षी बाजारात मेथी-कोथिंबीर विकणाऱ्या आजींनी कनवटीचे पन्नास रुपये काढून पुढे केले. मी हात जोडून ते परत केले. तुम्हालाच लागतील आजी, असू द्या, असं म्हटलं. आपण फार चांगलं वागलो असं मला वाटलं होतं. पण आजींचा चेहरा उतरला तो उतरलाच. त्यानंतर कितीतरी दिवस त्या माझ्याशी नीट बोलल्या नाहीत.

तर हे जॉर्ज म्युलर. २७ सप्टेंबर १८०५ रोजी प्रशियात, म्हणजे आजच्या जर्मनीतल्या क्रॉपेनश्टेट या गावी त्यांचा जन्म झाला. पुढे ज्यांच्या हातून लाखो पौंड गेले आणि एका पेनीचाही घोळ झाला नाही, ते लहानपणी चक्क चोर होते! वडील सरकारी करवसुली अधिकारी. घरात सरकारी पैसा असायचा आणि त्यातून दहा वर्षांच्या आतला जॉर्ज हळूच उचलायचा. वडिलांना संशय आला. त्यांनी एकदा पैसे मोजून मुद्दाम खोलीत ठेवले. जॉर्जने त्यातले काही उचलून बुटात, पायाखाली लपवले आणि झडतीत ते सापडले. मार बसला, पण खोड गेली नाही. चौदाव्या वर्षी आई वारली, त्या रात्री हा मुलगा दोन वाजेपर्यंत पत्ते खेळत बसला होता. सोळाव्या वर्षी खाणावळीचं बिल बुडवलं म्हणून तुरुंगात गेला. शेवटी वडिलांनी पैसे भरून सोडवला. एका आईच्या नजरेने वाचताना हे सगळं फार जड जातं.

वडिलांची इच्छा अशी, की मुलाने पाळक व्हावं. त्यात भक्तीपेक्षा म्हातारपणी मुलाच्या घरी सुखाने राहता येईल हा हिशेब जास्त होता. म्हणून त्याला हाले इथल्या विद्यापीठात घातलं. तिथे १८२५ च्या नोव्हेंबरमध्ये एक मित्र त्याला एका साध्या घरातल्या प्रार्थनेला घेऊन गेला. तिथे माणसं गुडघे टेकून प्रार्थना करताना त्याने पाहिली आणि तिथून त्याचं आयुष्य फिरलं. १८२९ मध्ये म्युलर इंग्लंडला आले आणि पुढच्या वर्षी डेव्हन परगण्यातल्या टेनमथ या समुद्रकाठच्या गावी पाळक झाले. पगार वर्षाला ५५ पौंड.

त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं मेरी ग्रोव्ह्ज हिच्याशी. मेरीचा भाऊ अँथनी नॉरिस ग्रोव्ह्ज हा एक्झेटर शहरातला चांगला चालणारा दंतवैद्य. तो आणि त्याची बायको आधी मिळकतीचा दहावा हिस्सा देऊ लागले, मग चौथा, आणि मग गरजेपुरतं ठेवून उरलेलं सगळं. पुढे तर व्यवसायच सोडून तो धर्मप्रचारासाठी बगदादला आणि तिथून भारतात आला. अशा घरातली मुलगी म्युलरांच्या घरात आली होती. म्युलरांची चरित्रं लिहिणारे मेरीबद्दल दोन-चार ओळींत आटपतात. मला मात्र राहून राहून वाटतं, की ती नसती तर पुढचं काहीच झालं नसतं.

कारण लग्न होऊन महिनासुद्धा झाला नव्हता, तोच म्युलरांनी पगार सोडला! त्या काळी चर्चमधल्या बाकांना भाडं असे. श्रीमंतांना चांगल्या जागा, गरिबांना मागच्या. त्या भाड्यातून पाळकाचा पगार निघे. म्युलरांना हे पटेना. त्यांनी भाडं बंद केलं, दारात एक पेटी ठेवली, ज्याला जे द्यायचं ते त्याने त्यात टाकावं. कुणाकडे मागायचं नाही आणि कर्ज काढायचं नाही, असं नवरा-बायकोने ठरवलं. नव्या नवरीने हे कसं ऐकून घेतलं असेल? आपल्याकडे असं झालं असतं तर दुसऱ्या दिवशी माहेरची माणसं दारात उभी राहिली असती. पुढच्या पूर्ण वर्षात पेटीत आणि हातात मिळून सुमारे १३१ पौंड जमले, म्हणजे सोडलेल्या पगाराच्या दुपटीहून जास्त.

दशमांशाबद्दल म्युलरांचं म्हणणं मला विशेष आवडलं. दहावा भाग हा काही कराचा दर नाही, सुरुवात आहे, असं ते मानत. दहावा झेपत नसेल तर विसावा द्या, त्याहून कमी द्या, पण ठरवून द्या आणि नेमाने द्या, मिळकत वाढली की तो हिस्साही वाढवा. सगळंच देवाचं, आपण नुसते कारभारी, ही त्यामागची समजूत. उरलं तर देऊ म्हणणाऱ्याकडे कधी उरत नाही, हे तर आपल्या घरखर्चाच्या वहीतही दिसतं.

१८३२ मध्ये ते ब्रिस्टलला आले. त्याच वर्षी शहरात कॉलरा होता आणि त्याच वर्षी मुलगी लिडिया जन्मली. १८३५ च्या जूनमध्ये त्यांचा तान्हा मुलगा गेला. आणि त्याच वर्षाच्या शेवटी म्युलरांनी अनाथ मुलांसाठी घर काढायचं ठरवलं. डिसेंबरमध्ये सभा घेतली, पण सभेत पैसे गोळा केले नाहीत. सभेनंतर लागलीच लोक वस्तू आणून देऊ लागले. २८ ताटं, चार सुऱ्या, पाच काटे, एक किसणी अशी बारीकसारीक नोंद त्यांच्या वहीत आहे. हे वाचून मला आमच्या मंडळाच्या भांड्यांची यादी आठवली. एक गंमत पुढे आहे. १८३६ च्या फेब्रुवारीत मुलांचे अर्ज घ्यायला म्युलर बसले, तर एकही अर्ज नाही! पैसा, घर, माणसं सगळ्यांसाठी प्रार्थना केली होती, मुलं यावीत म्हणून करायची राहून गेली, असं त्यांच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी पहिला अर्ज आला. ११ एप्रिलला विल्सन स्ट्रीटवरच्या भाड्याच्या घरात मुली राहायला आल्या.

या सुरुवातीच्या दानांमध्ये १०० पौंड एका शिवणकाम करणाऱ्या बाईचे होते. म्युलरांनी तिचं नाव न देता फक्त आद्याक्षरं दिली आहेत. प्रकृतीने अशक्त, आठवड्याची कमाई सरासरी तीन शिलिंग. वीस शिलिंगांचा पौंड, तेव्हा एवढी रक्कम तिच्या कित्येक वर्षांच्या शिवणातूनही जमली नसती. झालं असं, की आजीच्या इस्टेटीतून तिच्या वाट्याला ४८० पौंड आले. तिचा बाप दारू पिऊन कर्ज करून मेला होता. भावंडांनी सावकारांना रुपयातले चार आणे देऊन मिटवलं. तेवढं देण्यालाही ती मुलं बांधलेली नव्हती, त्यामुळे सावकार खूश. पण ही बाई गुपचूप गेली आणि राहिलेले बारा आणे एकटीने चुकते करून आली. आईला भावंडांनी प्रत्येकी ५० पौंड दिले, हिने १०० दिले. आणि मग १०० पौंड अनाथ मुलांसाठी.

म्युलरांना पैशाची केवढी गरज! तरी त्यांनी ते लगेच घेतले नाहीत. त्यांनी तिला बोलावून घेतलं. भावनेच्या भरात देत असशील, उद्या पस्तावशील, नीट विचार कर, असं तऱ्हतऱ्हेने समजावलं. म्हणजे मी आजींना जे म्हटलं तेच. पण ते तिथे थांबले नाहीत. तिचं ऐकून घेतलं. ती पक्की आहे, विचार करून आली आहे हे कळल्यावर त्यांनी पैसे घेतले. मी ऐकून घेतलंच नव्हतं. ती बाई पुढे शिवणकाम करतच जगली, जवळचं सगळं देऊन संपलं तरी तिने कधी त्याचा उच्चार केला नाही, आणि १८४४ मध्ये गेली.

म्युलरांची सगळ्यांत प्रसिद्ध गोष्ट म्हणजे घरात अन्नाचा कण नसताना मुलांना टेबलावर बसवून प्रार्थना केली आणि दारात पाववाला नि दूधवाला उभे राहिले, ती. मावशींनाही तीच आवडते. मला त्यांच्या हिशेबाच्या वह्या जास्त आवडल्या. प्रत्येक देणगीची पावती. वार्षिक अहवालात देणाऱ्याचं नाव नाही, पण रक्कम अशी छापलेली, की ज्याची त्याला ओळखता यावी. अर्धी पेनीसुद्धा. १८४१ च्या शेवटी संस्थेची फार ओढगस्त होती. त्या वेळी अहवाल काढला असता तर ती उघडी पडून पैसा आला असता. म्हणूनच त्यांनी अहवाल आणि सभा पुढे ढकलली! घरात काम करणाऱ्या बायका स्वतःच्या तुटपुंज्या पगारातून घालत आणि दिवस ढकलत. एका संस्थेत दोन वर्षांचा हिशेब मागितल्यावर चहा-बिस्किटं मिळून वाटेला लावली गेलेली बाई आहे मी. या वह्यांचं मोल मला विचारा.

मेरी सगळ्या घरांचे महिन्याचे हिशेब तपासत असे. मुलांच्या कपड्यांचं आणि अंथरुणांचं कापड तीच पारखून घेई. १८४९ मध्ये अ‍ॅशली डाउन या टेकडीवर ३०० मुलांचं पहिलं मोठं घर उभं राहिलं, १८७० पर्यंत अशी पाच घरं झाली आणि २,०५० मुलांची सोय झाली. त्याच वर्षी मेरी गेली. मुली १७ वर्षांच्या होईपर्यंत तिथे राहत, घरकाम-शिवण शिकून कपड्यालत्त्यासह नोकरीवर जात. मुलगे चौदाच्या सुमारास धंदा शिकायला जात. म्युलरांच्या हयातीत १०,००० हून जास्त मुलं त्या घरांत वाढली.

सगळंच मला पटलं असं नाही. आई-बाप रीतसर लग्नाचे असतील आणि दोघंही वारलेले असतील, तरच त्या घरांत प्रवेश. लग्नाबाहेर जन्मलेल्या बाळाचा काय दोष? आणि कुणाकडे मागत नव्हते हे खरं, पण दरवर्षी अहवाल छापून निघत होता, तोही एका परीने लोकांच्या कानावर घालणंच होतं. मी दहा दारं झिजवणारी बाई, मला त्यात कमीपणा वाटत नाही.

आपल्या पंडिता रमाबाईंनी म्युलरांची हकिगत वाचली होती. आपल्या देशातही असं का होऊ नये, असं त्यांच्या मनात आलं. तोवर त्यांचं शारदा सदन अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनच्या दहा वर्षांसाठी कबूल केलेल्या मदतीवर चालत होतं. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं ते देवावर भरवसा ठेवून. १८९८ मध्ये त्याचं समर्पण झालं. आणि जिच्याकडे बोट दाखवलं जाई अशा बाईसाठीही रमाबाईंनी तिथे कृपा सदन काढलं. म्युलरांचं दार जिथे बंद होतं, तिथे त्यांनी उघडलं.

मेरी गेल्यावर काही वर्षांनी, सत्तरीत म्युलर जगभर प्रवचनांना निघाले. भारतातही आले. १८९० च्या जानेवारीत जबलपूरला असताना त्यांना तार आली, एकुलती एक लिडिया गेली होती. तेव्हा ते चौऱ्याऐंशी वर्षांचे होते.

१० मार्च १८९८ ला सकाळी, अनाथ मुलांच्या घरातल्याच आपल्या खोलीत ते वारले. संस्थेसाठी त्यांच्या हातून जवळजवळ १५ लाख पौंड गेले होते. अहवालांत एका निनावी सेवकाच्या देणग्या वर्षानुवर्षं दिसत. तो सेवक म्हणजे ते स्वतःच. त्यांच्या मागे बेरीज केली तर त्यांनी स्वतःला मिळालेल्या पैशांतून ८१,००० पौंडांहून जास्त देऊन टाकले होते. मागे उरलं ते पुस्तकं आणि घरातलं सामान धरून जेमतेम १६० पौंडांचं.

पुस्तक मावशींना परत केलं आणि या जूनमध्ये मुद्दाम बाजारात आजींकडे गेले. पावतीपुस्तक उघडून बसले. आजींनी कनवटीतून शंभराची नोट काढली. मी पन्नास परत द्यायला पर्स उघडली, तर त्यांनी माझा हात धरला. पन्नास यंदाचे होते आणि पन्नास गेल्या वर्षीचे, मी घेतले नव्हते ते. त्यांनी ते वेगळे बांधून ठेवले होते. दोन वेगळ्या पावत्या हव्यात म्हणून त्या हटून बसल्या. मी दोन फाडल्या.