हॅरी चेपिन : कथागीताचा वारसा आणि व्यवहार

लोकगीत व रॉक संगीत यांच्या संयोगातून १९६०नंतर अमेरिकेत जी गीतपरंपरा रूढ झाली, तिच्यात आत्मपर भावगीताचे प्राबल्य होते. हॅरी चेपिन (१९४२-१९८१) याने या परंपरेत कथनाला मध्यवर्ती स्थान दिले. त्याच्या कारकिर्दीचा विचार म्हणूनच साहित्याच्या अभ्यासकालाही उपयुक्त ठरतो.

न्यूयॉर्क येथे जन्मलेल्या चेपिनला दुहेरी वारसा लाभला. वडील जिम चेपिन जॅझ संगीतातील नामवंत ड्रमवादक. त्यांचे वादनविषयक पाठ्यपुस्तक आजही अभ्यासले जाते. आईचे वडील म्हणजे विख्यात समीक्षक केनेथ बर्क. टॉम व स्टीव्ह या भावांसह तो तरुणपणीच गाऊ लागला. मात्र त्याची प्रारंभीची उपजीविका चित्रपटक्षेत्रातली होती. मुष्टियोद्ध्यांवरील 'लेजंडरी चॅम्पियन्स' या त्याच्या माहितीपटाला ऑस्करचे नामांकन मिळाले. प्रसंगांची निवड व जोडणी यांचे भान त्याच्या गीतांत दिसते, त्यामागे हा अनुभव असावा.

१९७२ मधील 'टॅक्सी' हे सहा मिनिटांहून दीर्घ गीत. टॅक्सीचालकाला प्रवासी म्हणून पूर्वीची प्रेयसी भेटते, एवढाच प्रसंग. पण दोघांच्या विफल आकांक्षा त्यातून उलगडतात. 'मिस्टर टॅनर' या १९७३ च्या गीतात कपडे धुण्याचा व्यवसाय करणारा हौशी गायक महानगरात गातो आणि समीक्षकांच्या थंड अभिप्रायाने कायमचा खचतो. निवेदकाच्या आवाजामागे टॅनरचे गाणे समांतर ऐकू येत राहते. जगाने नाकारलेला स्वर गीताची रचनाच जपून ठेवते, हे तिचे सामर्थ्य होय.

'कॅट्स इन द क्रेडल' (१९७४) हे त्याचे सर्वाधिक गाजलेले गीत पत्नी सँडी हिच्या कवितेवर आधारलेले आहे. मुलासाठी सवड नसलेल्या बापाची ही कथा. स्वतः चेपिनही वर्षाला सुमारे दोनशे कार्यक्रम करीत सतत घराबाहेर असे, ही विसंगती दुर्लक्षिता येत नाही. त्यांपैकी जवळजवळ निम्मे कार्यक्रम मदतनिधीसाठी होते, हेही तितकेच खरे. १९७५ मध्ये त्याने बिल एअर्स यांच्यासह भूकनिर्मूलनासाठी संस्था स्थापन केली. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी जागतिक भुकेविषयी आयोग नेमावा यासाठी तो झटला आणि त्या आयोगाचा सदस्यही झाला. १६ जुलै १९८१ रोजी लाँग आयलंडवर विनामूल्य कार्यक्रमासाठी जात असता मोटार अपघातात, अवघ्या अडतिसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. वृद्ध बर्क त्यानंतर बारा वर्षे हयात होते.

भावविवशतेचा आक्षेप त्याच्यावर वारंवार घेतला गेला. कथेचे तात्पर्य निवेदकच सांगू लागतो तेथे तो आक्षेप मान्य करावा लागतो. परंतु साहित्य हे जगण्याचे साधन आहे, ही बर्कची भूमिका लक्षात घेतली तर नातवाचे गायन आणि समाजकार्य या दोन वेगळ्या गोष्टी राहत नाहीत. सामान्य माणसाचे अपयश ऐकण्याजोगे आहे, ही एकच श्रद्धा दोहोंच्या मुळाशी दिसते.