विश्लेषण : पेणचा विनायक ‘विनोबा’ कसा झाला?

विनोबा हे नाव ऐकलेले नाही असा माणूस महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. पण विनोबा नावाचा दुसरा कोणी ओळखीत आहे का, असे विचारले तर बहुतेकांना बराच वेळ आठवावे लागेल. झारखंडमधील हजारीबागच्या विद्यापीठाला हे नाव आहे, दिल्ली मेट्रोचे एक स्थानक ‘विनोबापुरी’ आहे, कर्नाटकातील शिवमोग्यात विनोबानगर आहे. बारशाला मात्र हे नाव सहसा कोणी सुचवत नाही. कारण ते मुळात बारशाचे नाव नव्हतेच. पेण तालुक्यातील गागोदे येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मलेल्या विनायक नरहरी भावे यांना ते विशीत मिळाले, तेही घरापासून दूर, गुजरातमधील एका आश्रमात.

विनायक म्हणजे काय?

विनायक हे गणपतीचे नाव. विशेष नायक असा त्याचा एक अर्थ सांगतात, तर ज्याच्यावर आणखी कोणी नायक नाही असा दुसरा. पेणच्या परिसराला हे दैवत किती जवळचे आहे, हे वेगळे सांगायला नको. आज पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात वर्षभर गणेशमूर्ती घडतात आणि थेट परदेशात जातात. अष्टविनायकांपैकी महडचा वरदविनायक आणि पालीचा बल्लाळेश्वर हे दोन्ही याच जिल्ह्यातले. भाव्यांच्या घरी आजोबा शंभूराव गणेशोत्सवात मुलांना हाताशी घेऊन चंदन उगाळायचे आणि त्यातून गणपती घडवायचे. एवढ्या कष्टाने केलेली मूर्ती काही दिवसांनी पाण्यात सोडून द्यायची. ही आठवण विनोबांनी पुढे सांगितली, तेव्हा जे घडवले ते सोडताही आले पाहिजे, असा धडा त्यांनी तिच्यातून काढला.

घरात मात्र विनायक वगैरे कोणी म्हणत नसे. आई रुक्मिणीबाई मुलाला ‘विन्या’ म्हणत. कोकणातल्या घरांची ही जुनी रीत आहे. नावाला ‘या’ लागला की माणूस घरचा झाला.

शेजारच्या रोह्यातला चिंतामण

विनायकच्या जन्मानंतर चारच महिन्यांनी, १४ जानेवारी १८९६ रोजी, रोह्याच्या देशमुख घराण्यात आणखी एक मुलगा जन्मला. जन्म महाडजवळच्या नाते गावचा. त्याचे नावही गणपतीचेच ठेवले गेले, चिंतामण. हाच मुलगा पुढे सी. डी. देशमुख म्हणून देशाला माहीत झाला. आयसीएस, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर केंद्रीय अर्थमंत्री. एका गणपतीच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरे झाली आणि दुसऱ्याला मराठी ‘बा’ लागला. शेजारशेजारच्या तालुक्यांतील या दोन समवयस्कांनी किती वेगवेगळ्या वाटा धरल्या, हे त्यांच्या रूढ झालेल्या नावांवरूनही दिसते. पुढे रॅमन मॅगसेसे पुरस्कार दोघांनाही मिळाला. विनोबांना १९५८ मध्ये, देशमुखांना १९५९ मध्ये.

‘बा’ कुठून आला?

मराठीत ‘बा’ म्हणजे बाप, वडीलधारा. देवाला हाक मारतानाही हाच शब्द येतो आणि नावाच्या शेवटी लागला की तो आदर आणि जिव्हाळा दोन्ही दाखवतो. नाव घडण्याची पद्धतही जवळपास ठरलेली आहे. मूळ नावाचा सुरुवातीचा भाग ठेवायचा, त्याला ओकार द्यायचा आणि पुढे ‘बा’ जोडायचा. ज्ञानेश्वरांचे ज्ञानोबा, तुकारामांचे तुकोबा, रघुनाथरावांचे रघोबा. विठोबा, खंडोबा, म्हसोबा हे देवही याच चालीचे. त्याच चालीने विनायकाचे विनोबा. त्यांच्यामागून आश्रमात आलेले धाकटे भाऊ बाळकृष्ण हेही बाळकोबा झाले.

‘राव’, ‘पंत’ यांना हुद्द्याचा, घराण्याचा वास आहे. ‘बा’ला तो नाही. तो संताला लागतो, देवाला लागतो आणि गावातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यालाही लागतो. त्याच पिढीच्या थोडे आधीचे दुसरे प्रसिद्ध विनायक म्हणजे सावरकर. ते ‘तात्याराव’ झाले. विशी ओलांडणाऱ्या पोराला ‘बा’ लावणे ही तशी मोठीच गोष्ट होती. आणखी एक गंमत म्हणजे, ज्या आश्रमात हे नाव रूढ झाले तिथे गुजराती बोलली जात होती आणि गुजरातीत ‘बा’ म्हणजे आई. आश्रमातल्या ‘बा’ म्हणजे कस्तुरबा.

आश्रमापर्यंतचा रस्ता

वडील नरहरराव नोकरीनिमित्त बडोद्यात होते, म्हणून विनायक तिथे शिकला. गणितात गती होती, वाचन अफाट होते, पदवीत रस नव्हता. एके दिवशी त्याने शाळेची प्रमाणपत्रे आईसमोर चुलीत टाकली. २५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेसाठी तो मुंबईच्या गाडीत बसला, पण सुरतेला उतरला आणि काशीला गेला. बनारस हिंदू विद्यापीठाच्या समारंभातील गांधीजींच्या गाजलेल्या भाषणाची चर्चा तिथे अजून सुरू होती. त्यातून पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ रोजी तो अहमदाबादच्या कोचरब आश्रमात पोहोचला.

गांधीजींनी लगेच नरहररावांना पत्र लिहून मुलगा आपल्याकडे असल्याचे कळवले. या वयात त्याने जी वृत्ती कमावली, तिच्यासाठी आपल्याला बरीच वर्षे घालवावी लागली, असा त्या पत्राचा आशय होता. त्यात मुलाचे नाव होते विनोबा. परीक्षेला म्हणून निघालेला मुलगा वडिलांना परत सापडला तो नव्या नावानिशी.

त्यानंतर जुने नाव मागेच पडले. वर्षभराची रजा घेऊन विनोबा वाईच्या प्राज्ञपाठशाळेत संस्कृत शिकायला गेले आणि आश्रमात परतले. १९२१ मध्ये वर्ध्याच्या आश्रमाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. तिथून पुढची २० वर्षे सूतकताई, शेती, सफाई आणि अध्ययन यांत गेली. १९४० मध्ये गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रहाचा पहिला सत्याग्रही म्हणून त्यांची निवड केली, तेव्हा हे विनोबा कोण, असा प्रश्न देशभर विचारला गेला.

स्वतःचे नाव दुसऱ्यांनी दिले असले तरी विनोबा स्वतः नावे फार नेमकी ठेवत. आईला संस्कृत गीता समजत नव्हती. तिच्या इच्छेपोटी त्यांनी १९३०-३१ मध्ये गीतेचा समश्लोकी मराठी अनुवाद केला. आई १९१८ मध्येच गेली होती. अनुवादाला त्यांनी नाव दिले ‘गीताई’. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर दिलेली प्रवचने साने गुरुजींनी टिपून घेतली.

गावाच्या नावातही भूदान

१८ एप्रिल १९५१ रोजी विनोबा तेलंगणातील पोचमपल्लीत पोहोचले. जमिनीवरून हिंसाचार सुरू असलेला तो भाग. गावातल्या ४० दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. सरकारकडून कधी मिळेल याचा भरवसा नव्हता, म्हणून विनोबांनी सभेतच गावकऱ्यांना विचारले. रामचंद्र रेड्डी उभे राहिले आणि १०० एकर द्यायला तयार झाले. भूदान चळवळ इथून सुरू झाली आणि हे गाव आज ‘भूदान पोचमपल्ली’ म्हणूनच ओळखले जाते.

त्याच वर्षी पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून नियोजन आयोगाशी बोलायला विनोबा पवनारहून दिल्लीला चालत गेले. तेव्हा देशाचे अर्थमंत्री आणि आयोगाचे एक सदस्य होते रोह्याचे चिंतामणराव. जमिनीचा प्रश्न एक जण कायदा, योजना आणि अर्थसंकल्पातून पाहत होता, दुसरा गावोगाव झोळी घेऊन.

पदयात्रा १३ वर्षांहून अधिक चालली. दानाचा आकडा ४० लाख एकरांच्या पुढे गेला. मात्र तो आकडा जसाच्या तसा घेण्यात अर्थ नाही. त्यातली बरीच जमीन खडकाळ किंवा वादातली निघाली, बरीच कधी वाटलीच गेली नाही. तरीही कायद्याचा बडगा नसताना लाखो एकर जमीन निदान कागदावर तरी सुटली, हेही खरे. विनोबांचा भर राजनीतीपेक्षा लोकनीतीवर होता आणि अखेर शासनाची गरजच उरू नये, असे त्यांचे म्हणणे होते. वर कोणी नायक नसलेला, हा विनायकाचा अर्थ इथे आठवतो, पण तो योगायोगच समजावा.

नावाला लागलेला डाग

१९७५ मध्ये आणीबाणी आली तेव्हा विनोबांचे एक वर्षाचे मौन सुरू होते. त्या काळाला त्यांनी अनुशासन पर्व म्हटल्याचे प्रसिद्ध झाले आणि सरकारी प्रचारात ते शब्द भिंतीभिंतींवर गेले. आचार्यांचे असते ते अनुशासन आणि सत्तेचे असते ते शासन, असा भेद त्यांनी नंतर मांडला. तोवर उशीर झाला होता. टीकाकारांनी त्यांना ‘सरकारी संत’ ठरवले आणि ते बिरुद त्यांना आजही चिकटलेले आहे. जयप्रकाश नारायण तुरुंगात असताना भूदानातील त्यांच्या जुन्या सहकाऱ्याने इतके मोघम बोलावे, हे अनेक कार्यकर्त्यांना जिव्हारी लागले. नंतरचा खुलासा ती जखम भरून काढू शकला नाही.

शेवटच्या वर्षांत पवनारमध्ये विनोबा हे नावही वापरातून कमी झाले होते. सगळे ‘बाबा’ म्हणत आणि विनोबा स्वतःविषयी बोलतानाही बाबा असाच उल्लेख करत.

सी. डी. देशमुख २ ऑक्टोबर १९८२ रोजी गेले. नोव्हेंबरमध्ये विनोबा आजारी पडले. त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणे थांबवले आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, दिवाळीत, पवनारला त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी मरणोत्तर भारतरत्न मिळाले ते विनोबा भावे या नावाला. तोपर्यंत त्यांच्या जन्मजिल्ह्याचेही नाव बदलले होते. १८९५ मधला कुलाबा १९८१ पासून रायगड झाला होता.