दोराच्या टोकाला पर्सी

डोंगर नसेल तर ग्लायडर उडवायचं कसं? सपाट मुलखातले हँग ग्लायडरवाले आज त्यासाठी चक्क जीप वापरतात. जीपवर दोर गुंडाळलेला ड्रम बसवायचा, दोराचं टोक ग्लायडरला लावायचं आणि जीप सोडायची. ताण ठरवलेल्या मर्यादेपुढे जायला लागला की ड्रमचा ब्रेक सैल पडतो, दोर सुटत जातो आणि ग्लायडर वर चढतं. पतंगाला आपण ढील देतो ना, अगदी तेच!

हा ढील देणारा ब्रेक नव्हता, जीपही नव्हती, त्या काळात दोराला लावलेल्या ग्लायडरमध्ये स्वतः लटकणारा एक तरुण इंजिनीअर ब्रिटनमध्ये होऊन गेला. पर्सी पिल्चर. जन्म 1867 चा, बाथ शहरातला. तेराव्या वर्षी नौदलात कॅडेट, पुढे ते सोडून ग्लासगोत जहाजबांधणीच्या कारखान्यात उमेदवारी, मग तिथल्याच विद्यापीठात नोकरी. पोटापाण्याला जहाजं आणि डोक्यात पंख, असं त्याचं चाललं होतं. पंखांचं कापड शिवायला बहीण एला मदतीला असायची.

1895 मध्ये त्याने पहिलं ग्लायडर बनवलं, ‘बॅट’. त्याच वर्षी तो बर्लिनला ओटो लिलिएन्थालला भेटला. ग्लायडिंगमधला हा तेव्हाचा सगळ्यात मोठा माणूस. शेपूट लागतेच, असं त्याचं ठाम मत. पर्सीने आधी बिनशेपटीचं करून बघितलं, जमेना, तेव्हा मुकाट्याने शेपूट जोडली. पुढच्याच वर्षी लिलिएन्थाल ग्लायडरवरून पडून गेला. पर्सी थांबला नाही.

लिलिएन्थाल टेकडीवरून धावत सुटायचा. पर्सीने दोर धरला. 1897 मध्ये केंटमधल्या आइन्सफर्डला त्याने ‘हॉक’ हे बांबूचं ग्लायडर लोकांसमोर उडवलं. समोरच्या बाजूला कप्प्या लावल्या होत्या, त्यातून गेलेला दोर पोरांनी ओढायचा. कप्प्यांची गंमत अशी, की ओढणारा जेवढा पळतो त्याच्या कितीतरी जास्त वेगाने पलीकडचं ग्लायडर ओढलं जातं. पर्सी सुमारे 250 यार्ड उडाला. त्या काळी ही मजल फार मोठी होती.

आता त्याला दोरही नको होता. त्याने 4 अश्वशक्तीचं इंजिन तयार केलं आणि ते बसवायला तीन मजली पंखांचं विमान. राइट बंधूंच्या उड्डाणाला अजून चार वर्षं अवकाश होता!

30 सप्टेंबर 1899. रग्बीजवळच्या स्टॅनफर्ड हॉलच्या मैदानावर पाहुणे जमले होते, त्यात खासदारही होते. पुढचा पैसा याच मंडळींकडून यायचा होता. आणि थोडे दिवस आधीच इंजिनाचा क्रँकशाफ्ट तुटलेला. त्यात दिवसभर वादळी पाऊस. आलेल्या लोकांना तसंच कसं परत पाठवायचं, म्हणून पर्सीने जुनं ‘हॉक’ बाहेर काढलं. कापड भिजून जड झालं होतं. चारच्या सुमारास पाऊस जरा ओसरला. दोर ओढायला या वेळी घोडे होते.

ग्लायडर साधारण 10 मीटर वर गेलं आणि शेपूट मोडली. तीच शेपूट. पर्सी खाली कोसळला आणि दोन दिवसांनी गेला. वय 32. मला विचाराल तर त्याचा घात दोराने केला नाही, भिडेने केला. इंजिन दुरुस्त होईपर्यंत थांबा, एवढंच पाहुण्यांना सांगायचं होतं. पण पैसे देणाऱ्यांसमोर ते सांगणं किती अवघड असतं, हे कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी स्पॉन्सर शोधणाऱ्या कुणालाही विचारा.

तीन पंखांचं ते विमान त्याच्या हयातीत उडालंच नाही. 2003 मध्ये क्रॅनफील्डच्या इंजिनीअर्सनी थोड्या सुधारणा करून तसंच एक बांधलं. ते जवळजवळ दीड मिनिट हवेत राहिलं. मोडलेलं ‘हॉक’ मात्र दुरुस्त होऊन स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहे, शेपटीसकट.